बॅलेची वाट आणि व्हिसाची मुदत

गेल्या महिन्यात या सदरात बॅलेच्या व्यावसायिक शिक्षणाविषयी एका पत्राला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे अमेरिकेत येऊन राहिलेल्या कुटुंबांची आहेत आणि त्या सर्वांना एकच काळजी आहे : बाहेरच्या देशातून आलेल्या मुलामुलींना बॅलेत नोकरी मिळेपर्यंतची वाट कशी असते? मी अनेक वर्षे बॅलेचा वर्ग घेतला आहे आणि या वाटेवरची मुले जवळून पाहिली आहेत. त्या अनुभवावरून काही पत्रांना येथे उत्तर देत आहे. कायद्याच्या बाबतीत मात्र माझ्या उत्तरावर न थांबता इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा ती 7 वर्षांची होती. तिचे वडील एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ती एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. दोन वर्षांत एखादी बॅले कंपनी तिला अप्रेंटिस म्हणजे उमेदवार नर्तकी म्हणून घेईल, असे तिच्या शिक्षिका म्हणतात. आम्हाला आनंद झाला, पण ग्रीन कार्ड केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. अशा स्थितीत तिने हा ध्यास धरावा का?

उत्तर : अवश्य धरावा. मात्र तिच्या नृत्याइतक्याच काळजीने तिच्या कागदपत्रांची तयारी आजपासून सुरू करावी. बॅलेत पहिला करार बहुधा 17 ते 19 या वयात मिळतो आणि ते वय निसटले की प्रत्येक वर्षागणिक दारे अरुंद होत जातात. दुसरीकडे, एच-4 वरील मुलांना शिकता येते पण नोकरी करता येत नाही, आणि 21 व्या वाढदिवशी त्यांचा तो दर्जाच संपतो. म्हणजे ज्या चार वर्षांत आपल्या मुलीला नाचण्याचा पगार मिळू लागायला हवा, नेमक्या त्याच चार वर्षांत तिच्याजवळ पगार घेण्याचा परवाना नसेल. पालकांना ही गोष्ट बहुधा कराराचा कागद हातात आल्यावर कळते आणि तेव्हा फार थोडे दिवस उरलेले असतात.

कंपनीतली चढण अशी असते. शाळेच्या शेवटच्या वर्गातून विद्यार्थी ट्रेनी होतो. अनेक मोठ्या कंपन्यांची तरुण नर्तकांसाठी एक दुय्यम तुकडी असते. अमेरिकन बॅले थिएटरची स्टुडिओ कंपनी, ह्यूस्टन बॅलेची आणि बॉस्टन बॅलेची दुसरी कंपनी या त्यांपैकी होत. त्यानंतर अप्रेंटिस, मग कोर द बॅले म्हणजे समूहातली जागा, पुढे सोलोइस्ट म्हणजे एकल नृत्य करणारा आणि शेवटी प्रिन्सिपल म्हणजे प्रमुख नर्तक. व्हिसाच्या दृष्टीने या चढणीवर एक रेषा आहे. जेथे आपण शुल्क भरून शिकतो ते शिक्षण, आणि जेथे आठवड्याला मोबदला मिळतो ते काम. या दोहोंच्या मधल्या जागा फसव्या असतात. एखादी ट्रेनीची जागा विनाशुल्क असते, पण तीत प्रयोगागणिक थोडी रक्कम दिली जाते. एखाद्या दुय्यम तुकडीत पगार नसतो, पण मासिक भत्ता असतो. रक्कम लहान आहे म्हणून ती शिष्यवृत्ती ठरते असे समजू नये. सही करण्यापूर्वी तो कागद वकिलाला दाखवावा.

कामाचा परवाना मिळवण्याचा नर्तकांचा रुळलेला मार्ग म्हणजे ओ-1बी व्हिसा. तो कलाक्षेत्रात सर्वसाधारण पातळीपेक्षा ठळकपणे वर असलेल्या व्यक्तींसाठी आहे. त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. कंपनीने किंवा अमेरिकेतील एजंटाने करावा लागतो आणि त्याला त्या क्षेत्रातील संघटनेचे अभिप्रायपत्र जोडावे लागते. बॅलेच्या बाबतीत ते बहुधा अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स ही कलावंतांची संघटना देते. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार नसेल, तर नियमांत सांगितलेल्या सहा प्रकारच्या पुराव्यांपैकी निदान तीन द्यावे लागतात. नामांकित निर्मितीतल्या प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतील परीक्षणे, जाणकारांची पत्रे हे त्यांपैकी काही प्रकार. सुरुवातीला हा व्हिसा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो. त्याला किमान वयाची अट नाही, पण 18 वर्षांच्या मुलीने प्रमुख भूमिका केव्हा केलेल्या असणार, हा खरा प्रश्न आहे. म्हणून लहान वयातले पुरावे फार मोलाचे ठरतात.

माझ्या एका विद्यार्थिनीला 19 व्या वर्षी करार मिळाला तेव्हा वकिलाने तिच्याकडे मागच्या पाच वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका मागितल्या. घर बदलताना त्या तिच्या आईने रद्दीत दिल्या होत्या. आम्ही दोघींनी शाळेच्या माळ्यावरची खोकी उपसली आणि धुळीने भरलेल्या गठ्ठ्यांतून तिचे नाव छापलेली एकेक पत्रिका शोधून काढली. दोन वर्षांच्या मिळाल्याच नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक स्थलांतरित पालकाला सांगत आले आहे की आजच एक फाईल करा. तीत नाव छापलेली प्रत्येक पत्रिका, स्पर्धेचा प्रत्येक निकाल आणि स्थानिक वृत्तपत्रातील दोन ओळींचा उल्लेखसुद्धा तारखेसह ठेवा.

काळाचे गणितही मांडून ठेवावे. कंपन्यांच्या ऑडिशन साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होतात आणि हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो. करार मार्चमध्ये आला, तर पुरावे गोळा करणे, पत्रे मिळवणे, अर्ज दाखल करणे आणि मंजुरी येणे हे सर्व पाच महिन्यांत बसवावे लागते. ऑडिशनच्या अर्जावर कामाच्या परवान्याविषयी प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरे द्यावे आणि सोबत वकिलाशी बोलणे झाल्याचेही कळवावे. मोठ्या कंपन्यांना अशा अर्जांची सवय असते. लहान कंपन्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही आणि कित्येकदा चांगल्या मुलीला केवळ एवढ्या कारणाने नकार मिळतो. तो नकार तिच्या नृत्याला नसतो, हे आपण तिला घरात स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. त्या वयाची मुले दोष आपल्या शरीरातच शोधतात.

आणखी दोन गोष्टी. आपल्या मुलीला 18 वर्षे पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले आणि ती आपल्याबरोबर राहत असताना, त्याच वयाच्या आत, आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक झाले, तर तीही आपोआप नागरिक होते. ग्रीन कार्डची रांग मात्र जन्मदेशावर अवलंबून असते. एका देशाच्या वाट्याला वर्षाला 7 टक्क्यांहून अधिक जागा येत नसल्याने काही देशांत जन्मलेल्यांना फार वर्षे थांबावे लागते, तेव्हा या आशेवर सर्व बेत आखू नये. दुसरी गोष्ट म्हणजे 21 पूर्ण होण्यापूर्वी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जाण्याची वाट खुली ठेवावी. त्याविषयी पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : बॅले ही युरोपीय लोकांची कला आहे, बाहेरून आलेल्यांना शेवटच्या रांगेपलीकडे जाऊ देत नाहीत, असे माझे यजमान म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : अमेरिकेच्या बाबतीत इतिहास नेमका उलट सांगतो. येथील बॅलेचा पाया घालणारा माणूस स्वतःच स्थलांतरित होता. जॉर्ज बॅलन्शीन यांचा जन्म 1904 मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. 1924 मध्ये त्यांनी सोव्हिएत रशिया सोडला, पुढची काही वर्षे युरोपात काढली आणि 1933 मध्ये बॅलेचे अमेरिकन आश्रयदाते लिंकन कर्स्टीन यांच्या निमंत्रणावरून ते न्यूयॉर्कला आले. आल्यावर त्यांनी आधी शाळा काढली. स्कूल ऑफ अमेरिकन बॅले 1934 च्या जानेवारीत सुरू झाली आणि न्यूयॉर्क सिटी बॅले ही कंपनी त्यानंतर 14 वर्षांनी, 1948 मध्ये उभी राहिली. अमेरिकेत रचलेल्या त्यांच्या पहिल्या बॅलेची, ‘सेरेनेड’ची, जुळणी शाळेच्या मुलींवरच झाली. जितक्या मुली त्या दिवशी हजर असत तितक्यांसाठी ते रचना करत. एक मुलगी उशिरा आली, एक तालमीत पडली, आणि या दोन्ही गोष्टी त्यांनी नृत्यात तशाच ठेवल्या. आजही ते नृत्य पाहताना उशिरा येणारी ती मुलगी समूहात आपली जागा शोधत येते आणि हात वर करून उभी राहते. मला तो क्षण प्रत्येक वेळी नव्याने भिडतो.

त्यांच्यानंतरही ही परंपरा थांबली नाही. रीगामध्ये जन्मलेले नर्तक मिखाईल बॅरिश्निकोव्ह 1974 मध्ये टोरांटोच्या दौऱ्यात सोव्हिएत संघापासून वेगळे झाले आणि सहा वर्षांनी अमेरिकन बॅले थिएटरचे संचालक झाले. चीनमधल्या गरीब शेतकरी कुटुंबातले ली त्सुनशिन ह्यूस्टनला विद्यार्थी म्हणून आले. 1981 मध्ये त्यांनी परत न जाण्याचे ठरवले तेव्हा चिनी वकिलातीत त्यांना अडवून ठेवण्यात आले होते. सुटका झाल्यावर ते ह्यूस्टन बॅलेचे प्रमुख नर्तक झाले. अर्जेंटिनाची पालोमा हेरेरा 1995 मध्ये, केवळ 19 व्या वर्षी, अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल झाली. शांघायहून आलेली युआन युआन टॅन त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को बॅलेत दाखल झाली, 1997 मध्ये प्रिन्सिपल झाली आणि 2024 पर्यंत तेथेच नाचत राहिली.

ही सर्व असामान्य माणसे होती, हे मला मान्य आहे. बाहेरून आलेल्याला समूहात जागा मिळते पण मुख्य भूमिकेसाठी त्याचा विचार उशिरा होतो, असे आजही काही ठिकाणी घडते आणि त्यात रंगाचा भाग मोठा असतो. पण आपल्या यजमानांनी म्हटल्याप्रमाणे दार बंद नाही.

प्रश्न : माझा भाचा 12 वर्षांचा आहे. तो सहा महिन्यांपूर्वी अमेरिकेत आला. त्याआधी त्याने दोन वर्षे बॅले शिकले होते. त्याचे इंग्रजी अगदी कच्चे आहे, म्हणून वर्गात जायला तो घाबरतो. भाषा येईपर्यंत थांबावे का?

उत्तर : एक दिवसही थांबू नये. भाषा येत नसतानाही पहिल्या दिवसापासून सर्वांबरोबर करता येईल असे त्याच्या आयुष्यात सध्या जे थोडे आहे, त्यात बॅलेचा वर्ग येतो. वर्गातील सर्व संज्ञा फ्रेंच आहेत आणि त्या जगभर त्याच आहेत. प्लिए, तांद्यू, देगाजे, रोंद जांब हे शब्द त्याने जेथे शिकले तेथेही तेच होते. क्रमही ठरलेला असतो : आधी बारला म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून सावकाश व्यायाम, मग खोलीच्या मध्यभागी तोल आणि गिरक्या, शेवटी उड्या. शिक्षिका हाताने खूण करून चाल दाखवतात, पियानो सुरू होतो आणि मुलगा इतरांबरोबर नाचू लागतो. मी अशी मुले पाहिली आहेत, जी शाळेच्या वर्गात महिनोन्महिने तोंड उघडत नसत आणि बारजवळ पाय ठेवताच त्यांचे खांदे खाली येत.

अडचण येते ती सूचनांची. गुडघा आत वळतो आहे, बरगड्या सोड, मान मोकळी ठेव, अशा दुरुस्त्या शिक्षक इंग्रजीत आणि भराभर सांगतात. तेव्हा त्याच्यासाठी अशा वीस-पंचवीस वाक्यांची एक वही करावी. शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे की शब्दांनी न कळल्यास हात लावून दाखवलेले त्याला चालेल. त्याच्या वयात दोन वर्षांचा पाया ही उत्तम सुरुवात आहे, आणि मुलांच्या बाबतीत बॅले थोडा अधिक धीर धरते. जगप्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह लेनिनग्राडच्या बॅले शाळेत दाखल झाले तेव्हा 17 वर्षांचे होते.

प्रश्न : ताई, मी 15 वर्षांची आहे आणि आमच्या वर्गात सावळ्या रंगाची मी एकटीच आहे. गुलाबी टाइट्स आणि गुलाबी शूज घातले की आरशात माझे पाय कोणा दुसरीचे वाटतात. मला माझ्या रंगाचे शूज वापरता येतील का, की तसे विचारणे चुकीचे ठरेल?

उत्तर : तुझ्या डोळ्यांनी जे टिपले ते अगदी बरोबर आहे. गुलाबी रंगामागचे कारण समजून घे, म्हणजे विचारायला धीर येईल. नितंबापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पायाची एकच अखंड रेषा दिसावी, म्हणून गोऱ्या नर्तकींच्या अंगाशी जुळणारा रंग निवडला गेला. तुझ्या अंगावर तोच रंग ती रेषा कमरेपाशी तोडतो. म्हणजे ज्या हेतूने तो नियम झाला, तो हेतूच तुझ्या बाबतीत फसतो.

हे ओळखून आर्थर मिचेल यांनी फार पूर्वी मार्ग बदलला. ते न्यूयॉर्क सिटी बॅलेचे पहिले कृष्णवर्णीय प्रिन्सिपल होते. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर ते न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुलांना शिकवू लागले आणि 1969 मध्ये नृत्यशिक्षक कॅरेल शूक यांच्याबरोबर त्यांनी डान्स थिएटर ऑफ हार्लेम स्थापन केले. त्या कंपनीत प्रत्येक नर्तकीचे टाइट्स आणि शूज तिच्या स्वतःच्या त्वचेच्या रंगाचे असतात. सिएरा लिओनच्या यादवी युद्धात अनाथ झालेली आणि दत्तक म्हणून अमेरिकेत आलेली मिकेला डिप्रिन्स याच कंपनीत नाचली आणि पुढे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय बॅलेत सोलोइस्ट झाली. 2024 मध्ये ती फार अकाली गेली. तिचे नाव तू लक्षात ठेवावेस असे मला वाटते.

2018 पासून लंडनची फ्रीड कंपनी तपकिरी छटांचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्याचे कडक टोकाचे शूज, तयार करते. तुझ्या मापाचे त्या छटेत मिळत नसतील, तर शूज रंगवून घेता येतात. नर्तकी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या आहेत. तुझ्या चेहऱ्याशी नव्हे, पायाच्या रंगाशी जुळणारे मॅट फाउंडेशन घे. स्पंज अगदी थोडा ओला कर, नीट पिळून काढ आणि सॅटिनवर थोपटत पातळ थर दे. घासू नकोस, पट्टे उठतात. शूजचे टोक कागद, कापड आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असते. पाणी आत मुरले की ते मऊ पडते आणि शंभराहून अधिक डॉलरची जोडी दोन दिवसांत निकामी होते. पहिला थर वाळल्यावरच दुसरा दे आणि फिती शिवण्याआधी त्याही रंगव. टाइट्स त्याच छटेच्या घे, कारण फक्त शूज बदलून रेषा जुळत नाही.

शिक्षिकांना वर्ग संपल्यावर, एकटीने भेटून विचार. सरावाच्या वर्गासाठी त्या परवानगी देतील असे मला वाटते. प्रयोगासाठी समूह एकसारखा दिसावा असे त्यांनी म्हटले, तर रंगवलेली जोडी आणि टाइट्स घालून आरशासमोर त्यांना एकदा अराबेस्क, म्हणजे एका पायावर उभे राहून दुसरा मागे ताणलेली मुद्रा, करून दाखव. तरीही नकार मिळाला तर तो निर्णय चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढच्या शाळेची निवड करताना हा प्रश्न तू पहिल्या भेटीतच विचारावास.

प्रश्न : मुलाने आधी पदवी घ्यावी की थेट कंपनीत जावे? तो एफ-1 वर शिकण्याचा विचार करत आहे.

उत्तर : करार हातात असेल आणि परवान्याची सोय होत असेल, तर कंपनी निवडावी, पदवी नंतरही घेता येते. करार नसेल, तर बॅलेची पदवी ही स्थलांतरित मुलासाठी चांगली वाट आहे. इंडियाना विद्यापीठात, बटलर विद्यापीठात आणि युटा विद्यापीठात बॅलेचे गंभीर शिक्षण मिळते आणि तेथून मुले कंपन्यांत जातात. एफ-1 वर पदवी पूर्ण केल्यावर त्याच क्षेत्रात 12 महिने काम करण्याची परवानगी मिळते, जिला ओपीटी म्हणतात. या एका वर्षात कंपनीला वकिलाचा खर्च न करता नर्तक पारखून घेता येतो आणि नर्तकाला ओ-1बीसाठी लागणारे पुरावे मिळवता येतात. मात्र चार वर्षे महाविद्यालयात काढताना शरीर कंपनीच्या दिवसाला तयार ठेवावे लागते. म्हणून विद्यापीठ निवडताना रोज किती तास बॅलेचा वर्ग आहे आणि गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांना करार मिळाले, हे दोन प्रश्न विचारावेत. इमारती आणि माहितीपुस्तिका यांवर जाऊ नये.

प्रश्न : मी 18 वर्षांचा आहे, अमेरिकेबाहेर शिकतो आहे आणि अजून एकदाही तेथे गेलेलो नाही. ऑडिशनसाठी देशोदेशी फिरण्याइतके पैसे घरी नाहीत. मला मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो बहुधा स्पर्धेतून जातो. स्वित्झर्लंडमधील लोझानची प्री द लोझान ही स्पर्धा 1973 पासून होत आहे आणि ती 15 ते 18 या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तेव्हा आपल्या जन्मतारखेप्रमाणे अजून पात्र आहात का हे आजच तपासा. तेथे विजेत्यांना नामांकित शाळेत किंवा कंपनीत शिकण्याची शिष्यवृत्ती मिळते. क्यूबातील हवानाच्या गरीब वस्तीतून आलेल्या कार्लोस अकोस्टा यांनी 1990 मध्ये तेथे सुवर्णपदक मिळवले. पुढे ते ह्यूस्टनला आणि लंडनच्या रॉयल बॅलेत नाचले. दुसरी स्पर्धा यूथ अमेरिका ग्राँ प्री. मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेमधून अमेरिकेत आलेल्या सावेलिएव्ह दांपत्याने ती 1999 मध्ये सुरू केली आणि तिच्या निवडफेऱ्या अनेक देशांत होतात. पदकाच्या मागे न लागता तेथे कोणत्या शाळांचे आणि कंपन्यांचे संचालक बसणार आहेत ते पाहावे, कारण पहिल्या तिघांत नसलेल्या मुलांनाही तेथे बोलावणी येतात. पैसे मोजके असतील, तर वर्षात एकच स्पर्धा करा आणि उरलेले पैसे शिक्षणावर खर्च करा.

एक सावधगिरी कळकळीने सांगते. पर्यटक व्हिसावर येऊन मानधन घेऊन नाचणे बेकायदा आहे. कोणी प्रयोगाचे रोख पैसे देतो म्हणाले तरी स्वीकारू नका, कारण अशी एक नोंद पुढचे सर्व व्हिसा अवघड करते.

अनेक कंपन्या पहिली चाळणी व्हिडिओवर करतात. तेव्हा बारचे मोजके व्यायाम, मध्यभागी अडाजिओ म्हणजे संथ हालचाली, दोन्ही बाजूंच्या गिरक्या, लहान आणि मोठ्या उड्या आणि एक व्हेरिएशन म्हणजे छोटे एकल नृत्य असे दहा-बारा मिनिटांचे चित्रण करा. अंगाला चिकटून बसणारा साधा वेश घाला आणि मागे मोकळी भिंत असू द्या. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, स्थिर ठेवा. वरून घेतलेल्या चित्रणात पाय आखूड दिसतात आणि उडीची उंची कळत नाही. पाऊल कोठेही चौकटीबाहेर जाता कामा नये. डाव्या बाजूची गिरकी कच्ची असेल तरी ती गाळू नका. पाहणारे ती शोधतातच.